पेवातला होकार

यातलं एकही वाक्य मी रचलेलं नाही.

ही हकिगत माझ्या मावसबहिणीची, ब्राह्मीची. घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. पण त्या दिवशी तिथे असलेल्या प्रत्येकाला मी वेगवेगळं गाठून विचारलं आहे. सगळ्यांचं जे जुळलं, तेवढंच लिहिते आहे. मी रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. मला पुराव्याची सवय आहे.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

मागच्या एप्रिलमधला रविवार. भर दुपार. जागा सांगलीजवळचं हरिपूर, आमच्या भरतेश मामांचं रान.

आणि त्या रानातलं शेवटचं पेव.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड एवढंसं, की माणूस खांदे आखडूनच आत जाईल. आत मात्र घागरीसारखं फुगलेलं, तीन पुरुष खोल. पूर्वी मामांच्या रानात अशी पेवं शेजारी शेजारी होती. महापुरात कृष्णेचं पाणी आत शिरलं आणि हळद जागच्या जागी कुजली. बाकीची पेवं मामांनी मातीने बुजवून टाकली. एकच रिकामं होतं, ते तेवढं राहिलं.

ब्राह्मी राहायला विश्रामबागला. फिजिक्स झालेली, हाताने काटेकोर. डोंगर चढणाऱ्या मुलामुलींचा त्यांचा एक गट आहे, आणि गटाचा बीकन सांभाळायचं काम तिच्याकडे.

बीकन म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, पिवळं यंत्र. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे कुणी अडकलं, तर अँटेना उघडायची, लाल झाकण उचलायचं आणि बटण दाबायचं. संदेश थेट उपग्रहाकडे जातो. मग बचाव केंद्रातून नोंदवलेल्या नंबरवर फोन येतो. तो नंबर ब्राह्मीच्या वडिलांचा, जिनपालकाकांचा. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे.

असलं यंत्र घेऊन नुसतं ठेवून चालत नाही. बॅटरीची मुदत बघावी लागते. कडेच्या रबरात धूळ गेली की पुढे पाणी जातं. अँटेनाला मोड पडू द्यायचा नाही. दर महिन्याला चाचणीचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की यंत्र जिवंत. या चाचणीने कुणाला संदेश जात नाही.

पण चाचणीचं बटण आणि खरं बटण शेजारी शेजारी असतं.

एकदा गच्चीवर तिच्याकडून खरं दाबलं गेलं. जिनपालकाकांना दुकानात फोन आला, "तुमची मुलगी संकटात आहे का?" काका गल्ला उघडा टाकून घरी धावले. ही गच्चीवर वाळवणाशेजारी बसलेली!

"आता माझं हृदय बंद पडलं की दाब ते बटण," काका म्हणाले होते.

तेव्हापासून ब्राह्मीने चाचणीची जागा बदलली. जमिनीच्या पोटातून संदेश वर जाणार नाही, म्हणून पेव.

"लोखंडी कपाटात बसून कर की," मी तिला म्हटलं होतं.

"कपाटाच्या दाराला फट असते," ती म्हणाली. अशी मुलगी.

त्या रविवारी घाई होती. शुक्रवारी गट साताऱ्याकडे निघणार होता, जावळीच्या जंगलात. गटाचा म्होरक्या अवधूत साताऱ्याचा. त्याने सकाळीच फोन करून विचारलं, "बाई, भाषण नको. बीकन जिवंत आहे का मेलाय, एवढंच संध्याकाळपर्यंत सांग."

त्यामुळे ती हरिपूरला आली.

पेवाच्या तोंडाशी बसायला नानासो होते. सारं आयुष्य पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेला माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी सकाळीच पेवाचं तोंड उघडून ठेवलं होतं. मग दोरीने कंदील खाली सोडला. थेट तळाला. कंदील शांतपणे जळत राहिला. तो वर ओढून त्यांनी विझवला.

"हवा चांगली हाय," नानासो म्हणाले. "जा. पन पेवाचा कायदा ध्यानात हाय न्हवं?"

"आहे नाना. दर वेळी सांगता."

"दर येळी सांगनार. वरच्यानं इचारायचं, हाय का? खालच्यानं म्हनायचं, हाय. खालचा हाय म्हनतोय तवर वरच्यानं जागा सोडायची न्हाई. आन बोलनारा गप झाला, की इचारनाऱ्यानं जाऊन बघायचं."

"आणि माझं हे यंत्र?"

"त्ये डबडं?" नानासो हसले. "जीव वाचवायचं म्हनतीस, आन जमिनीत गाडाया नेतीस. लय शिकल्यावर आसं हुतंय व्हय गं?"

ती हसत हसत उतरली. दोर कडुनिंबाला बांधलेला, कमरेला पट्टा. तळाला पाय टेकल्यावर तिने दोर पट्ट्यातून सोडवला आणि हातमोजे चढवले. थंडीत, मोजे घालून, अंधारात अँटेना उघडता आली पाहिजे, याचाही तिला सराव करायचा होता.

वर पाहिलं तर तोंड थाळीएवढं दिसत होतं. थाळीत पांढरं ऊन.

"हाय का गं?"

"हाय!"

आवाज भिंतींवरून फिरून गेला.

तिने बॅटरीची मुदत पाहिली. ठीक. अँटेना उघडली, परत गुंडाळली. ठीक. चाचणीचं बटण दाबलं.

हिरवा दिवा.

बीकन जिवंत होता. आता कडेचं रबर पुसायचं, की काम संपलं. तिने विजेरी दातांत धरली आणि फडकं काढलं.

"हाय का गं?" वरून नानासोंची हाक आली.

तोंडात विजेरी. तिला उत्तर देता येईना. ती विजेरी काढणार, तेवढ्यात…

"हाय."

कुणीतरी म्हणालं.

ती तशीच थांबली.

वर नानासो खाकरले. त्यांना उत्तर मिळालं होतं.

प्रतिध्वनी, ब्राह्मीच्या मनात आलं. पण ती फिजिक्सची मुलगी. प्रतिध्वनी हाकेचं शेपूट परत देतो. "हाय का गं" ची हाक परत आली असती, तर शेवटी "का गं" ऐकू आलं असतं. हे तर सुटं उत्तर होतं.

आणि ते घुमलं नव्हतं.

पेवात काहीही बोललं तरी घुमतं. हे घुमलं नाही, कारण ते पेवात बोललंच गेलं नव्हतं.

ते भिंतीच्या पलीकडून आलं होतं.

तिने विजेरी भिंतीवर फिरवली. तळाजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक जागा वेगळी दिसली. भोवतीची भिंत जुनी, गुळगुळीत. तेवढी जागा मात्र ओबडधोबड, शेणामातीने लिंपल्यासारखी. लिंपणाऱ्याची बोटं उमटलेली होती.

पलीकडे बुजवलेलं पेव होतं, हे तिला माहीत होतं.

इथे दुसरं कुणी असतं, तर दोर धरून वर आलं असतं. ब्राह्मीने वाकून बोटाने ते लिंपण टोकरलं. मला तिचा राग येतो, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

थोडी माती पडली.

मग बरीच पडली.

आतून वास आला. आंबलेल्या, कुजलेल्या हळदीचा. मागे काळं भोक होतं. पेव बुजवलं होतं म्हणतात… पण तिच्या विजेरीचा उजेड आत कशालाच लागला नाही.

तिला जांभई आली. मोठी. लगेच दुसरी.

मग डोकं हलकं झालं, आणि तिला कळलं. कुजलेल्या मालाची हवा जड असते. ती तळाला साचते. दिसत नाही. आणि ती गुडघे टेकून नेमकी त्याच हवेत बसली होती.

ती उठली. म्हणजे उठायचं ठरवलं. पाय उठले नाहीत.

"नाना!"

ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"हाय का गं?" वरून हाक.

नाही! नाना, मी नाही!

"हाय."

भोकातून. शांतपणे. कामावरचा माणूस म्हणतो तसं.

ब्राह्मी सरपटत दोरापर्यंत गेली. तो पट्ट्यात अडकवण्याइतकी ताकद बोटांत नव्हती. तिने दोर नुसता ओढला. एकदा. पुन्हा एकदा.

वर नानासोंना दोर हललेला जाणवला. त्यांनी मला नंतर सांगितलं, ते सावध झाले. तोंडावर वाकले. ऊन डोळ्यांवर, आत काळोख. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पोरी, हाय का?"

"हाय."

एवढ्या खोलातून कुणाचाही आवाज सारखाच येतो. नानासो परत कडुनिंबाला टेकून बसले.

ती मला म्हणाली, "मरायची भीती नव्हती गं वाटत. वर माणूस होता. हाकेच्या अंतरावर. माझी काळजी करत होता. आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी त्याला सांगत होतं, की मी बरी आहे."

थाळीएवढं ऊन वाटीएवढं झालं. मग बांगडीएवढं.

बीकन तिच्या पायाशी पडला होता. तिने हात लांबवला. पोचला नाही. अँटेना गुंडाळलेली होती, लाल झाकण बंद होतं. हे तिला पक्कं आठवतं.

मग डोळ्यांपुढे अंधार आला.

त्या अंधारात एक पांढरा प्रकाश लुकलुकला… विझला… लुकलुकला.

बीकनचं खरं बटण दाबलं, की असा दिवा लुकलुकायला लागतो.

तिला दिसलं ते तुकड्यातुकड्यांत. बीकन बरोबर तोंडाखाली ठेवलेला. अँटेना सरळ वर.

आणि शेजारी कुणीतरी उकिडवं बसलेलं. मान मागे टाकून, वरच्या उजेडाकडे बघत.

त्यापुढचं तिला आठवत नाही.

जिनपालकाका जेवून आडवे झाले होते. फोन वाजला. बचाव केंद्रातला माणूस हिंदीतून बोलत होता. तुमच्या नावावरच्या बीकनने संकटाचा इशारा दिलाय, जागा सांगलीजवळ नदीकाठची.

काका हसले. "अहो, ती तपासत असेल. तिला सवयच आहे. चुकून दाबलं असणार."

"तुम्ही तिच्याशी बोललात का?"

"नाही, पण…"

"आधी बोला. मग सांगा चुकून म्हणून."

काकांनी ब्राह्मीला फोन लावला. लागला नाही. मग मामांना लावला. मामा शेडात होते. वैतागून फोन कानाला लावूनच ते पेवाकडे निघाले. लांबूनच ओरडले, "नानासो! पोरगी कुठंय?"

"खाली हाय की! बरी हाय. आत्ताच हाय म्हनली."

मामा थांबले. फोनवर म्हणाले, "दाजी, बरी आहे ती. उगीच…"

"माझं ऐका," काका म्हणाले. "तिला विचारा, केंद्रवाल्यांना काय सांगू?"

मामा तोंडाशी वाकले. "ब्राह्मी! पप्पा फोनवर आहेत! त्यांना काय सांगू?"

खालून आलं…

"हाय."

मामांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. "अगं, काय सांगू त्यांना? बटण चुकून दाबलंस का?"

"हाय."

नानासोंनी मान वर केली.

मामा आणखी खाली वाकले. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. हा प्रश्न का विचारला, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

"तुझं नाव काय?"

खाली बराच वेळ काही नाही.

मग…

"हाय."

नानासोंनी शेजारचा कंदील पेटवून खाली सोडला. मामा दोरीकडे बघत होते. अर्ध्यावर ज्योत निळी झाली. आणखी हातभर खाली गेला, आणि विझला.

पुढचं फार वेगाने झालं. द्राक्षबागेला औषध मारायचा ब्लोअर त्या दिवशी नशिबाने शेडात उभा होता. मामांनी टाकीचा नळ बंद केला, ट्रॅक्टर मागे घेतला आणि नुसता वारा पेवात सोडला. शेजारच्या रानातली माणसं धावत आली. कंदील पुन्हा सोडला, तो जळला. मामा कमरेला दोर बांधून स्वतः उतरले.

ब्राह्मी भिंतीशी पडली होती. श्वास चालू होता.

तिला वर ओढत असताना ब्लोअर बंद केला होता. सगळे गप्प होते. सवयीने, निव्वळ सवयीने, नानासोंच्या तोंडून गेलं, "हाय का?"

ब्राह्मी तेव्हा बेशुद्ध, दोरावर अधांतरी लटकलेली होती. मामा तळाला उभे होते, ओठ आवळून.

"हाय."

मामा म्हणतात, तो आवाज त्यांच्या कानाशी आला.

मिरजेच्या दवाखान्यात ती दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, प्राणवायू कमी पडला, मेंदूला भास होतात. बरोबर आहे. मला पटतं. पेवाच्या तोंडातून उपग्रहाला संदेश मिळणं अवघड, पण मोकळं आभाळ दिसत असेल तर अगदी अशक्य नाही. हेही पटतं.

पण नानासो आणि मामा वर होते. मोकळ्या हवेत.

बीकन मी स्वतः हातात घेऊन पाहिला. लाल झाकणावर एक अंगठा उमटला होता. मोठा, रुंद, पिवळा. ब्राह्मीच्या हातात मोजे होते, आणि त्यांवर नुसती माती होती. मी त्या ठशाच्या कडेला साबणाचं पाणी लावलं. पिवळं लाल झालं.

हळद. दुसरं काही नाही.

त्या पेवात महापुरानंतर हळद ठेवलेली नाही. त्यात कधी कुणी मेलंही नाही. मी गावात म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. शेजारच्या पेवांबद्दल विचारलं, तेव्हा मात्र कुणी खात्रीने बोललं नाही.

बचाव केंद्राचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यातच होते. काकांनी हात जोडूनच आभार मानले. अडकलेली माणसं किती होती, असा तिकडून नेहमीचा प्रश्न आला असावा. काका म्हणाले, "हो, हो, एकच होती. सापडली. बंद करा तुमचं प्रकरण."

खाटेवरून ब्राह्मी पुटपुटली, "बटण मी दाबलं नाही, पप्पा."

"बरं, बरं."

"ज्याने दाबलं, तो अजून खाली आहे."

काकांनी फोन ठेवून दिला होता.

त्याच आठवड्यात मामांनी पेवात मुरूम ओतला. वरून रोलर फिरवला. आता तिथे सपाट जमीन आहे. तरीही नानासो रोज सकाळी येतात आणि त्याच जागी, कडुनिंबाला टेकून बसतात. मामा रागावले, नानासोंच्या सुनेने विनवलं. ऐकत नाहीत.

हिंडायला लागल्यावर ब्राह्मी त्यांना भेटायला गेली. तिच्याबरोबर मीही होते.

"नाना, चला आता घरी," ती म्हणाली. "पेव बुजलं. खाली कुणी नाही. हाका कुणाला मारता?"

"मी न्हाई मारत पोरी." नानासो जमिनीकडे बघत होते. "मी कवाच सोडलं इचारायचं. आता खालनंच इचारतंय."

"काय?"

"वर हाय का, म्हनून."

ऊन रणरणत होतं. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते, काही नाही.

नानासोंनी मात्र मान जरा वाकडी केली, आणि मातीकडे तोंड करून, कामावरचा माणूस म्हणतो तसं, शांतपणे म्हणाले, "हाय."

"तुम्ही उत्तर कशाला देता?" मी चिडून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोराकडे बघतात.

"पेवाचा कायदा हाय, ताई. बोलनारा गप झाला, की इचारनाऱ्यानं जाऊन बघायचं." ते थांबले. "मी गप बसलो, तर त्ये वर येऊन बघंल की."

त्या शुक्रवारी अवधूतचा गट बीकनशिवायच जावळीला जाऊन आला. बीकन अजून ब्राह्मीकडेच आहे, कपाटात. ठसा तिने पुसलेला नाही. त्यानंतर ती एकही डोंगर चढलेली नाही.

या महिन्यात नानासोंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना उन्हात बसायची मनाई आहे. मामांनी काल सांगितलं, ब्राह्मी रोज विश्रामबागहून स्कूटरवर येते, कडुनिंबाखाली बसते, दिवस मावळल्यावर जाते. घरी सांगते, अभ्यास करते म्हणून. संध्याकाळनंतर काय करायचं, ते नानासोंनी तिला सांगितलंय म्हणे. ते काय, हे मी विचारलं नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी सरळ होता. रविवारी तिला डॉक्टरांकडे जायचंय, तपासायला.

"फक्त दुपारपुरती," ती म्हणाली. "तू बसशील का? काही करायचं नाही. विचारलं, की हाय म्हणायचं."

फोनवर दोघीही गप्प.

आणि त्या शांततेत, तिच्या बाजूने, खूप खालून आल्यासारखं काहीतरी…

"हाय," ब्राह्मी म्हणाली. मला नाही.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.